गेरूदेशचा तीनचाकी देव

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बैल आहे. पायांखाली फळी, फळीला चाकं, गळ्यात दोरी. विदर्भाकडची पोरं तान्ह्या पोळ्याला ओढत नेतात तो नंदी. मधल्या काळात मी देवही होऊन गेलो. ते मी मागितलं नव्हतं, मला कोणी विचारलंही नव्हतं. पण माझं नाव पुढे करून एका पोरीला चोर ठरवलं गेलं, आणि ती चोर नाही हे तिच्याखेरीज त्या अख्ख्या अंगणात दोघांनाच ठाऊक होतं. एकाची बोलायची छाती होत नव्हती. दुसऱ्याचं तोंड सुतारानं कोरलेलं होतं, ते उघडतच नव्हतं. तो दुसरा मी.

साकोलीजवळच्या एका खेड्यात रामाजी सुतारानं मला घडवलं. कुणाच्या दाराच्या चौकटीतून उरलेलं लाकूड होतं. शिंगं आखूड झाली म्हणून रामाजी स्वतःवरच चिडला होता, पण पाठीवरचं वशिंड त्यानं असं घोटलं की हात आपोआप तिथं जावा. मला घेतलं देवाजींनी. ते तेव्हा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात भट्टीवर कामाला लागले होते आणि पोळ्याला गावी आले होते. त्यांच्या पिशवीत बसून मी भिलाईला आलो. पुढे त्यांचा मुलगा कमलेश माझी दोरी धरूनच चालायला शिकला. गावाकडून आलेली घरं प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरात पुष्कळ होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोरं नंदी सजवून मैदानात जमायची आणि मग घरोघर बोजारा मागत फिरायची. बोजारा म्हणजे कोणी करंजी हातावर ठेवायचं, कोणी लाडू. लोक थांबून म्हणायचे, "देवाजी, नंदी मोठा देखणा हाय बाप्पा." मी चांगलाच फुगत असे.

मग कमलेशला मिशी फुटली आणि मी कपाटावर गेलो. शेजारी कूलरची वाळकी जाळी, जुनी कॅलेंडरं आणि भिलाईची ती लाल धूळ, जी कितीही पुसा, दुसऱ्या दिवशी हजर असते. कमलेश प्लांटात रेल मिलमध्ये लागला, त्याचं नीतूशी लग्न झालं, घरात पाळणा हलला, दुसऱ्यांदा हलला. मी सगळं वरून ऐकत राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? विसरलेल्या वस्तूला आपण विसरलो गेलोय हे कळत असतं.

मला खाली काढलं ते कमलेशच्या मुलीनं, दिपालीनं. तेव्हा ती सातवीत होती. काही माणसांना आहे ते जग पुरत नाही, त्यातली ती. मागच्या अंगणात पेरूचं झाड आहे, इकडे त्याला जाम म्हणतात. त्या जामाखाली दिपालीनं एक देश वसवला. माती लाल म्हणून नाव ठेवलं गेरूदेश. घरं काड्यापेट्यांची, डोंगर भट्टीतल्या काळ्या दगडांचा, आणि माणसं म्हणजे चिंचोके. मला तिनं जमिनीत दाबून ओढत नेलं. फळीचा काठ रुतून चर पडला, त्यात तिनं तांब्यानं पाणी सोडलं, आणि गेरूदेशला नदी मिळाली.

खेळाचा नियम तिनंच घातला होता. प्लांटचा भोंगा वाजला की गेरूदेशात एक पिढी संपायची. जुने चिंचोके बिस्किटांच्या डब्यात जायचे, नवे बाहेर यायचे. मात्र जाण्याआधी एक जुना चिंचोका एका नव्याला जगाची माहिती सांगायचा. जुना दिपालीच्या हातात, नवा तिच्या धाकट्या भावाच्या, परागच्या. जुना सांगेल तेवढंच नव्याला माहीत. जे सांगायचं राहिलं ते डब्यात गेलं.

पहिला जुना म्हणाला, "या बैलानं नदी काढली." खरंच होतं ते. पुढच्या भोंग्याचा जुना म्हणाला, "हा बैल नदी देतो." इथं मला जरा खटकलं. देतो म्हटलं की उद्या न देण्याचीही सोय झाली. आणि झालंही तसंच. तिसरा म्हणाला, "बैलाला विचारल्याबगर पानी घेऊ नोका." आता लाकडाच्या बैलाला विचारायचं कसं? दिपालीच्या फ्रॉकचं मोठं पांढरं बटण तुटलं होतं, ते माझ्यापुढे ठेवण्यात आलं. त्याला चार भोकं, म्हणजे चार डोळे, म्हणजे त्याला इतरांपेक्षा जास्त दिसत असणार. हा बटनबुवा. तेव्हापासून बुवा माझ्या वतीनं बोलू लागला. देव म्हणतो आज पाणी घ्या, देव म्हणतो आज नको. मित्रांनो, मी एक अक्षर बोललो नव्हतो.

एकदा परागच्या हातून माझ्या तोंडाशी मुरमुरा पडला आणि मुंगी तो घेऊन गेली. त्या संध्याकाळी भोंगा वाजला, आणि नव्या पिढीला कळलं की देवाला मुरमुरे लागतात आणि मुंगी त्याचा निरोप नेते. मग गेरूदेशात मुंगी मारायची बंदी झाली. पराग पाय खाजवत बसायचा, पण मुंग्यांना हात लावत नसे. मला हसू यायचं. देव झाल्यावर सुद्धा माणसाला, म्हणजे बैलाला, थोडं हसू यायला हरकत नसावी.

त्याच सुमारास मागच्या क्वार्टरात खुशबू राहायला आली. दोन्ही अंगणांच्या मधून सांडपाण्याची नाली वाहते, तिच्यावर एक फरशी टाकलेली आहे. खुशबूच्या घरचे अहिवारा गावाहून आलेले. बाप चुनखडीच्या ट्रकवर ड्रायव्हर, बोली छत्तीसगढी, पण पोरांत हिंदी बोलायची आणि मराठी चटकन उचलायची. ती फरशीवरून अंगणात आली ती फ्रॉकच्या ओट्यात सीताफळाच्या बिया घेऊन. काळ्या, चकचकीत. तिच्या मामाच्या झाडाच्या.

"ये मेरे लोग हैं," ती म्हणाली. "इनको भी जगह दो."

दिपालीनं नदीपलीकडची जागा दिली. खुशबूच्या लोकांना बुवा-बिवा ठाऊक नव्हता. ते मला गवत घालायचे. खुशबू माझ्या वशिंडावरून हात फिरवायची. फार दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे काही न मागता मला हात लावला होता. पुढे नदीवर काडीचा पूल झाला, एका चिंचोक्याचं एका काळ्या बीशी लग्न लागलं, त्यांच्या घरी मुरमुरेही ठेवायचे आणि गवतही. बटनबुवानं कुरकुर केली, पण जेवायला गेला. ते दिवस माझ्या देवपणातले सगळ्यात चांगले दिवस.

पोळा जवळ आला होता. दुपारी नीतू आत पडलेली, दिपाली शाळेतून यायची होती. पराग एकटाच अंगणात आला, माझी दोरी धरली आणि मला दगडांच्या डोंगरावर चढवायला लागला. हळू चढवलं असतं तर चढलोही असतो. पण त्याला घाई. चाक दगडात अडकलं, त्यानं हिसका दिला, आणि माझ्या उजव्या पुढच्या चाकाचा खिळा लाकडासकट निघाला. चाकाला मधोमध तडा गेला होता. त्यानं ते थुंकी लावून जोडून पाहिलं, दोऱ्यानं बांधून पाहिलं. ते दोन तुकडे काही एक होईनात. परागचा चेहरा पांढरा पडला. आबाजींना, म्हणजे देवाजींना, हा नंदी किती प्यारा आहे हे घरातलं शेंबडं पोरही जाणत होतं. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दोन्ही तुकडे नालीत टाकले. पाऊस होऊन गेलेला, नालीला जोर होता. तुकडे वाहत कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं दिपाली आली.

"पराग, नंदीचं चाक कुठी गेलं?"

"मले काय मालूम?"

"तू होता नं इथं?"

परागनं नालीकडे पाहायचं कटाक्षानं टाळलं. "सकाळी खुशबू खेळून राहिली होती," तो म्हणाला.

यात एकही शब्द खोटा नव्हता. खुशबू सकाळी आली होती, मला गवत घालून गेली होती. म्हणून तर ते वाक्य इतकं वाईट होतं.

नेमका भोंगा वाजला. दिपालीनं जुना चिंचोका उचलला आणि सांगितलं, "देवाचं चाक गेलं." दुसऱ्या दिवशीच्या जुन्यानं सांगितलं, "देवाचं चाक नेलं." कोणी नेलं हे त्यानं सांगितलं नाही, पण नेलं म्हटल्यावर नेणारा आलाच. तिसऱ्यानं नदीपलीकडे बोट दाखवलं. हे सगळं दिपालीच्या तोंडून येत होतं, पण ती काही खोटारडी पोरगी नव्हती. तिला वाटत होतं की चिंचोकेच बोलताहेत आणि ती नुसती ऐकते आहे. गोष्ट रंगात आली की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटायला लागते.

गोष्ट रंगली म्हणून पोरंही वाढली. त्यांत शेजारच्या भूषणचा आवाज सगळ्यात मोठा. आवाज मोठा असला की बुवा व्हायला वेळ लागत नाही. बटण त्यानं आपल्या मुठीत घेतलं, आणि मग ते त्याच्याच मुठीतून बोलू लागलं.

"बटनबुवा बोलून राहिला! देव तीन चाकांवर हाय, तं आपनही तसंच चालायचं. अंगणात येताना सबने लंगडून यायचं. आन चाक परत येत नाही तोवर काळ्यांनी नदी पार करायची नाही!"

पोरांना तर आयतंच निमित्त मिळालं. अंगणाच्या फाटकातून आत येताना जो तो लंगडायला लागला. सुरुवातीला हसत लंगडायचे. नंतर हसणं बंद झालं आणि लंगडणं राहिलं. कोणी विसरून सरळ चालत आला तर त्याला मागे पाठवायचे.

सगळ्यात मन लावून लंगडायचा पराग. दुपारी सगळे झोपले की तो एकटा माझ्यापुढे येऊन बसायचा आणि मूठभर मुरमुरे ओतायचा.

"देवा, तू पायलं नं," तो पुटपुटायचा. "कोनाले सांगू नोको. मी रोज देईन."

ज्याला ठाऊक होतं की मी लाकूड आहे, माझं चाक कसं गेलं हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, तोच माझा सगळ्यात मोठा भक्त झाला. मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता. त्याला शिंगानं ढोसावं असं वाटायचं. पण शिंगं आखूड, आणि मी जागचा हलणार कसा?

खुशबूला पहिले दोन दिवस कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती फरशीवरून आली तेव्हा भूषण आडवा उभा राहिला.

"लंगडून ये."

"क्यों?"

"देवाचं चाक तुह्या लोकांनी चोरलं."

"मेरे लोगों ने नहीं चुराया. मैंने भी नहीं. और मैं नहीं लंगडाऊँगी, मेरे पैर ठीक हैं."

भूषण गेरूदेशात गेला, नदीपलीकडच्या सगळ्या काळ्या बिया त्यानं ओंजळीत भरल्या आणि नालीत फेकल्या. ज्या बीचं लग्न झालं होतं तीही गेली. दिपालीचा हात पुढे झाला होता. मी पाहिलं, तो हात झाला होता पुढे. मग तो तिनं मागे घेतला. पराग जमिनीकडे बघत होता.

खुशबू रडली नाही. ती नालीत उतरली. गुडघ्यापर्यंत घाण पाणी. हात घालून घालून ती एकेक बी काढत होती आणि फ्रॉकच्या ओट्यात टाकत होती. कोणी मदतीला गेलं नाही. किती वाहून गेल्या आणि किती सापडल्या, कोण जाणे. मग ती वर आली आणि मागे न बघता घरी गेली.

खेळ अंगणात राहिला असता तर निदान तेवढ्यावर निभावलं असतं. पण तो फाटकाबाहेर पडला. शाळेच्या ऑटोत तिच्याजवळ कोणी बसेना. रस्त्यानं चालली की मागून पोरं लंगडत यायची. "चाकचोर, चाकचोर." त्यातल्या निम्म्या पोरांनी गेरूदेश पाहिलाही नव्हता. कसलं चाक हे त्यांना ठाऊक नव्हतं. खुशबू शाळेत जायचं नाही म्हणून हटून बसली.

एक दिवस जेवताना नीतू म्हणाली, "खुशबूची आई तिले अहिवाऱ्याले पाठवून राहिली म्हंते, मामाच्या घरी. ती तिथंच राहीन, तिथंच शिकन. पोळा झाला की चालली. चांगली पोरगी होती, एकदम काय झालं, का मालूम?"

परागच्या हातातला घास ताटात पडला. दिपाली उठून हात धुवायला गेली. मी मागच्या दारात होतो, मला सगळं दिसत होतं. एवढं सोपं होतं. एक वाक्य कोणीतरी बोलायचं होतं. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, पण लाकूड असल्याचं दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही.

तान्हा पोळा उजाडला. आबाजींचे गुडघे धरलेले, ते पुढच्या व्हरांड्यातच बसून असत, मागे फारसे येत नसत. पण त्या दिवशी ते गोडेतेल आणि गेरू घेऊन स्वतः मागे आले, मला सजवायला. अंगणात पोरं जमलीच होती. आबाजींनी मला उचललं आणि उलटं केलं.

"चाक कुठी हाय?"

"खुशबूनं चोरलं, आबाजी," भूषण म्हणाला. दोघा-तिघांनी री ओढली.

"पायलं कोनं?"

शेवटी एक बारकं पोर म्हणालं, "देवानं सांगतलं."

"कोन्या देवानं?"

पोरानं माझ्याकडे बोट केलं. आबाजींनी मला सरळ केलं.

"यानं? अबे, याले मी गावावरून पिशवीत घालून आनलो. आजपावेतो हा माह्यासंग तं काही बोलला नाही. तुमच्यासंग कवा बोलला?"

भूषणनं मूठ मागे घेतली. बटण त्या मुठीतच होतं.

"चला," आबाजी म्हणाले. "पोरीचं नाव घेतलं तं पोरीले इचारू."

मला काखेत मारून ते फरशीवरून पलीकडे निघाले. मागून सगळी पोरं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण पंधरावीस जणांची वरात घेऊन कोणाच्या दारात काही विचारायला गेलं की विचारणं राहत नाही, ती झडती होते. 

खुशबूच्या व्हरांड्यात बॅग भरून ठेवलेली. तिची आई दारात उभी. आबाजींनी नमस्कार केला.

"पोरी, या नंदीचं चाक तुह्यापाशी आलं का खेळता खेळता?"

खुशबूच्या आईनं बॅग उचलली आणि सगळ्यांसमोर व्हरांड्यात पालथी केली.

"देख लो. सब देख लो."

"नाही वो बाई, मी असं नाही म्हनलो..." आबाजी पुढे झाले. पण कपडे पडले होते. शाळेचा गणवेश, कंगवा, एक चप्पल, पुस्तकं, आणि खडखडत गेलेला एक पत्र्याचा छोटा डबा. खुशबूनं झडप घालून तो डबा छातीशी धरला.

"डब्यात हाय!" भूषण ओरडला. "म्हनून लपवून राहिली! खोल!"

"खोल, खोल," पोरं म्हणायला लागली. आबाजींनी हात वर केला, पण आवाज थांबेना. तिच्या आईच्या डोळ्यांतसुद्धा क्षणभर शंका चमकून गेली, आणि खुशबूनं ती पाहिली. मला वाटतं तिला सगळ्यात जास्त तेच लागलं असावं. तिनं डब्याचं झाकण काढलं.

आत कापूस होता. कापसावर सीताफळाच्या बिया, धुतलेल्या, पुसलेल्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या.

"मेरे लोग हैं," ती म्हणाली. "और कुछ नहीं है मेरे पास."

तेवढ्यात गर्दीच्या मागून पराग पुढे आला. लंगडत आला, सवयच झाली होती. तो खाली बसला आणि सांडलेले कपडे उचलून बॅगेत भरू लागला. एक झगा घडी करायला गेला, त्याला जमेना, तरी तो करत राहिला.

"मी टाकलो," तो मान वर न करता म्हणाला. "चाक. नालीत. माह्याच्यानं तुटलं होतं."

आबाजी पायरीवर बसले. त्यांनी मला मांडीवर ठेवलं. ते परागवर ओरडले नाहीत. त्यांनी खुशबूच्या आईपुढे हात जोडले.

तुम्हाला वाटेल, खरं कळलं, संपलं. मलाही वाटलं होतं. पण ते मघाचं बारकं पोर म्हणालं, "मंग आपन लंगडून कावून रायलो?" आणि भूषण घाईघाईनं म्हणाला, "तरीबी लंगडा लागते. इतके दिवस लंगडलो, आता नाही लंगडलो तं देव कोपन." आणि तीन-चार पोरांनी माना डोलावल्या. भीतीनं डोलावल्या. चाकाचं खोटं उघडं पडलं होतं आणि त्या खोट्यावर उभं राहिलेलं सगळं तसंच उभं होतं.

खुशबू परागकडे पाहतच नव्हती. ती दिपालीकडे पाहत होती.

"इसने तो झूठ बोला," ती म्हणाली. "पर कहानी तूने बनाई."

दिपालीचं तोंड लाल झालं. तेवढ्यात प्लांटचा भोंगा वाजला. सगळी पोरं सवयीनं तिच्याकडे वळली. गेरूदेशातले सगळे जुने जाणार होते आणि नव्यांना काहीतरी सांगायचं होतं.

दिपाली फरशीवरून आपल्या अंगणात गेली. सरळ चालत गेली. जामाखाली बसून तिनं एक जुना चिंचोका उचलला. पोरं तिच्यामागून आली होती.

"आमी खोटं सांगत आलो," ती म्हणाली. "देवाचं चाक कोणी चोरलं नाही. आमच्याच एकाच्यानं तुटलं. बटनबुवाले देव काहीच बोलला नाही."

"ए, असं कोनी सांगते का?" भूषण फिस्कारला. "पुराने लोग ऐसा नहीं बोलते. कोन्ता म्हातारा नव्या पोरांले म्हंते का, का आमी खोटं बोललो?"

"हा म्हंते," दिपाली म्हणाली.

"सुनाई नहीं दिया," पलीकडच्या पायरीवरून खुशबू म्हणाली. "जोर से बोल."

दिपाली उभी राहिली आणि ओरडून तेच बोलली. रडत, नाक पुसत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. आजूबाजूच्या क्वार्टरांतून बाया बाहेर आल्या. नीतू पीठ लागलेल्या हातांनी मागच्या दारात उभी राहिली. खुशबूनं पुन्हा सांगितलं, और जोर से. दिपाली पुन्हा ओरडली. तेव्हा कुठं खुशबू उठली आणि डबा हातात घेऊन फरशीवरून इकडे आली.

तिनं बिया लगेच काढल्या नाहीत. झाकण लावूनच बसली. भूषण बटण टाकून घरी निघून गेला, त्याला कोणी अडवलं नाही. त्या दिवशी आबाजी मला तीन चाकांवरच मैदानात घेऊन गेले. फळी घासत होती, खर्रखर्र आवाज होत होता, लोक बघत होते. माझी शोभा काही झाली नाही. पण माझी दोरी खुशबूच्या हातात होती, त्यामुळे मला शोभेची पर्वा नव्हती.

तिच्या आईनं ती बॅग बरेच दिवस तशीच भरलेली ठेवली. विश्वास काही एका दिवसात परत येत नसतो. मग एक दिवस बॅग आत गेली. भिलाई-३ वस्तीतल्या एका सुताराकडून आबाजींनी मला नवं चाक बसवून घेतलं. लाकूड वेगळं आहे, जरा फिकट, सागवानाला मिळत नाही. चालतं मात्र झकास. आता खुशबू आठवीत आहे आणि तिचं मराठी माझ्या मालकांपेक्षा बरं आहे.

गेरूदेश अजून चालू आहे. तिथं यायला खुशबूनं एक अट घातली होती, ती पाळली जाते. प्रत्येक भोंग्याला, जुना चिंचोका हातात घेऊन चाकाची हकीकत परागनंच सांगायची. सुरुवातीला तो कानकोंडा व्हायचा. मग सवय झाली. आणि मित्रांनो, हल्ली काय झालंय ठाऊक आहे? तो सांगतो बरं, पण मधे मधे नालीला महापूर येतो. चाक जाताना विजा कडाडतात. परवा तर मी रडलो म्हणे, लाकडाच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणे, आणि ते पाणी नदीत मिसळलं. नवी आलेली बारकी पोरं तोंडं उघडी ठेवून ऐकत होती. एकानं तर हात जोडले.

मला धडकी भरली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू घरात असतील तर त्यांना पुसा, तेल लावा, कपाटावर विसरू नका. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. आम्हाला जीभ नाही. आमच्या नावानं कोणी काही बोलू लागलं तर आम्ही त्याला थांबवू शकत नाही. ते काम तुम्हालाच करावं लागतं, आणि एकदा करून भागत नाही, रोज करावं लागतं.

त्या दिवशी ते खुशबूनं केलं. परागनं माझ्या अश्रूंची नदी सुरू केली तशी तिनं त्याच्या डोक्यात हळूच टपली मारली, त्या पोराचे जोडलेले हात सोडवले, आणि म्हणाली, "पराग, जेवढं झालं तेवढंच सांग नं."

पराग ओशाळला. त्यानं चिंचोका पुन्हा नीट धरला, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.